आवाज बसलाय, पण दुखत काहीच नाही : स्वरयंत्राच्या कॅन्सरबद्दल

कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या एका खेड्यातून एका मुलानं विचारलंय. वडील ६१ वर्षांचे, शेतकरी, गावच्या भजनी मंडळात मुख्य गाणारे. चाळीस वर्षं विडी. चार महिन्यांपासून आवाज बसलेला. आधी दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मग दुर्बिणीनं तपासणी. रिपोर्टमध्ये लिहिलंय : उजव्या स्वरतंतूवर गाठ, पुढच्या जोडापर्यंत पोचलेली, दोन्ही स्वरतंतू व्यवस्थित हलतात, मानेत गाठी लागत नाहीत. बायॉप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. एका डॉक्टरांनी सांगितलं ‘स्वरयंत्र काढावं लागेल’, दुसऱ्यांनी सांगितलं ‘लाईट दिली की बरं होईल’. शेजारचे म्हणतात बायॉप्सी केली म्हणजे आता पसरणार. मुलाला विचारायचंय की खरं कुणाचं, बाबांचा आवाज जाणार का, उपचाराला कुठं जावं, आणि बाबांना अजून ‘साधी गाठ आहे’ एवढंच सांगितलंय ते तसंच ठेवावं का.

आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर देतो. रिपोर्टवरून तरी वडिलांचं पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल असं मला वाटत नाही. अशा गाठीवर किरणोपचार, म्हणजे आपल्याकडं ज्याला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात ते, किंवा तोंडातून लेसरनं केलेलं ऑपरेशन, यांपैकी एकच उपचार बहुतेक वेळा पुरतो. मात्र ‘पुढच्या जोडापर्यंत’ हे दोन शब्द मला खटकतात. का ते पुढं सांगतो. त्यासाठी सीटी स्कॅन झालेला हवा, आणि तुमच्या कागदांत तो दिसत नाही. पहिले डॉक्टर चुकलेच असं म्हणू नका. त्यांनी कदाचित तीच शंका मनात धरून सांगितलं असेल.

आपल्याकडं ‘घशाचा कॅन्सर’ हा एकच शब्द सगळीकडं चालतो. कन्नड बोलणारा रुग्ण ‘गंटलु’ म्हणतो, मराठी बोलणारा ‘घसा’ म्हणतो, आणि दोघंही टॉन्सिलपासून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत कुठंही हात लावून दाखवतात. म्हणून गावात कुणी तरी ‘घशाचा कॅन्सर’ होऊन सहा महिन्यांत गेला, आणि तोच शब्द तुमच्या वडिलांच्या कागदावर आला, की घरात रडारड सुरू होते. तो माणूस अन्ननलिकेच्या तोंडाशी झालेल्या गाठीनं गेलेला असतो, किंवा जिभेच्या मुळाशी झालेल्या. रोग वेगळा, वागणूक वेगळी. एवढंच काय, स्वरयंत्राच्या आतसुद्धा एक बोट वर की एक बोट खाली यावर सगळं बदलतं.

स्वरयंत्र म्हणजे मानेत पुढं जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या आतली पोकळी. तिला तीन मजले आहेत असं समजा. मधल्या मजल्यावर स्वरतंतू. पुढं एकमेकांना चिकटलेले, मागं उघडझाप करणारे, दाराच्या दोन झडपांसारखे. पुरुषात त्यांची लांबी साधारण दोन सेंटीमीटर. बोलताना त्या झडपा मिटतात आणि सेकंदाला शंभराच्या वर वेळा थरथरतात. अशा ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली तरी झडप नीट मिटत नाही, हवा निसटते, आवाज घोगरा होतो. म्हणजे रोग अगदी लहान असतानाच बोंब ठोकतो. शिवाय या मजल्यावर लसीकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून रोग मानेत उतरतो त्या बारीक नळ्या, फार थोड्या, त्यामुळं गाठ बराच काळ तिथंच बसून राहते, मानेत उतरत नाही. पोटातला, फुप्फुसातला कॅन्सर अशी संधी क्वचितच देतो.

वरच्या मजल्याचं उलट आहे. तिथं गाठ झाली तर सुरुवातीला आवाजाला काहीच होत नाही. घशात काही तरी अडकल्यासारखं वाटतं, गिळताना टोचतं, आणि एक विचित्र लक्षण म्हणजे कान दुखतो. कान तपासला तर पडदा स्वच्छ. घसा आणि कान यांना जाणारी एक मज्जातंतूची फांदी सामाईक असल्यानं हे होतं. विडी ओढणारा माणूस एका कानाचं दुखणं घेऊन आला आणि कानात काही सापडलं नाही, तर त्याचा घसा बघितल्याशिवाय मी त्याला खुर्चीवरून उठू देत नाही. वरच्या मजल्यावर लसीकावाहिन्यांचं जाळं दाट, म्हणून इथले रुग्ण पुष्कळदा मानेतली गाठ घेऊनच येतात. तळमजल्यावरचा कॅन्सर दुर्मीळ. तो येतो तेव्हा श्वास घेताना आवाज काढत येतो.

तुमच्या वडिलांची गाठ मधल्या मजल्यावरची आहे. चार महिने गेले ते वाईट झालं, पण झडपा अजून हलतायत, मानेत गाठ नाही. वेळ गेलेली नाही.

आता ते चार महिने. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर स्वरतंतू डोळ्यांनी बघायचे. औषधाचा दुसरा कोर्स द्यायच्या आधी बघायचे. नियम एवढाच आहे आणि तो कान-नाक-घशाच्या कुठल्याही डॉक्टराला पाठ असतो. तरी आमच्याकडं माणूस सरासरी किती उशिरा पोचतो ते रोज दिसतं, कारण बसलेल्या आवाजाला या भागात सबबींचा तोटा नाही. सप्ताहात रात्र-रात्र भजन केलं. यात्रेत ओरडलो. ऊस पेटवला, त्याचा धूर गेला. वखारीत तंबाखूची धूळ उडते, तिथल्या बायकांचा घसा तर बाराही महिने खवखवतो. शाळेतला मास्तर असेल तर वर्गात पन्नास पोरं. यातली प्रत्येक सबब खरी असू शकते. मास्तरांच्या स्वरतंतूंवर घट्टे पडतात, गाणाऱ्यांना पॉलिप होतो, पित्त वर येऊनही आवाज जड होतो. थायरॉईड मंदावलं तर होतो. स्वरयंत्राचा टीबी असतो, तो तर दुर्बिणीतून हुबेहूब कॅन्सरसारखा दिसून आम्हालाही फसवतो. कधी स्वरतंतूवर काहीच नसतं, पण डावी झडप हलत नाही. मग छातीचा फोटो काढावा लागतो, कारण डाव्या बाजूची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते आणि फुप्फुसातली गाठ तिला तिथं गाठते. म्हणजे बसलेला आवाज हा कॅन्सरच असतो असं नव्हे. पण कशानं बसला हे बाहेरून, नाडी धरून किंवा तोंडात बॅटरी मारून कुणालाच सांगता येत नाही. तोंडातून बॅटरीनं टॉन्सिल दिसतात. स्वरतंतू त्याच्या खूप खाली, वळणापलीकडं असतात.

ते बघायला फार मोठी यंत्रणाही लागत नाही. मी अजूनही आधी आरसा वापरतो. लांब दांडीचा, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान गोल आरसा. तो स्पिरिटच्या दिव्यावर जरा गरम करायचा, नाहीतर श्वासानं धुरकटतो. मग आधी स्वतःच्या हाताच्या पाठीला लावून बघायचा, चटका बसत नाही ना. रुग्णाची जीभ कापडात धरून बाहेर ओढायची, आरसा पडजिभेला टेकवायचा आणि म्हणायचं, ‘म्हणा ई...’ त्या क्षणी दोन पांढऱ्या शुभ्र पट्ट्या एकमेकींकडं सरकतात. निरोगी असतील तर मोत्यासारख्या. विडीवाल्याच्या तांबूस, सुजलेल्या, कधी एखादा पांढरा खरखरीत डाग. आणि गाठ असेल तर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा खडबडीत कोंभ. हा आरसा डॉक्टरांनी शोधलेला नाही बरं का. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या गाणं शिकवणाऱ्या माणसानं दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. आता नाकातून घालायची बारीक दुर्बीण आहे, पडद्यावर दिसतं, रेकॉर्डिंग होतं. पण आपण जे बघतो ते तेच. झडपेवर काय आहे, आणि झडप हलते का.

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. गाठीच्या आकारापेक्षा झडप हलते की नाही यावर टप्पा ठरतो. गाठ स्वरतंतूंपुरती आणि हालचाल नीट, तर पहिला टप्पा. गाठ वरच्या किंवा खालच्या मजल्यात शिरली, किंवा हालचाल मंदावली, तर दुसरा. झडप जाम झाली तर तिसरा. कूर्चा, म्हणजे स्वरयंत्राभोवतीचं मऊ हाड, फोडून बाहेर आली तर चौथा. वडिलांचा पहिला असावा. पण पुढचा जोड म्हणजे जिथं दोन्ही स्वरतंतू पुढं एकत्र येऊन कूर्चेला चिकटतात ती जागा. तिथं मधे फारसं आवरण नसतं, गाठ गुपचूप कूर्चेत शिरू शकते आणि दुर्बिणीला ते दिसत नाही. म्हणून कॉन्ट्रास्ट घालून केलेला मानेचा सीटी स्कॅन. कूर्चा शाबूत दिसली तर तुमच्या घरात बरीच शांतता येईल.

बायॉप्सीनं पसरतं ही समजूत मी रोज ऐकतो, तेव्हा थोडं सविस्तर. स्वरयंत्राच्या गाठीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतल्यानं रोग पसरत नाही. बायॉप्सीनंतर दोन महिन्यांनी माणूस खालावतो ते त्या दोन महिन्यांत तो कुणा वैदूच्या पुड्या खात घरी बसलेला असतो म्हणून. उलट बायॉप्सीची खरी अडचण दुसरीच आहे. तुकडा वरवरचा आला तर रिपोर्ट खोटा निर्धास्त करतो. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ च्या सुरुवातीला बसला. त्याच्या गाठीचे तुकडे त्या काळच्या सगळ्यात थोर पॅथॉलॉजिस्टनं, रुडॉल्फ विरचोनं, तपासले आणि कॅन्सर दिसत नाही असं सांगितलं. डॉक्टरांच्या दोन गटांत भांडण लागलं, वर्ष गेलं. मार्च १८८८ मध्ये तो बादशहा झाला तेव्हा त्याच्या गळ्यात श्वासाची नळी होती आणि तो चिठ्ठ्या लिहून बोलत होता. ९९ दिवसांत तो स्वरयंत्राच्या कॅन्सरनं गेला. गाठ संशयास्पद दिसते आणि रिपोर्ट ‘काही नाही’ म्हणतो, तेव्हा मी दुसरा तुकडा घेतो. घरचे चिडतात, चिडू देत.

उपचाराचं बोलू. पहिल्या टप्प्यात लाईट दिली काय किंवा लेसर केलं काय, शंभरातले नव्वदच्या आसपास रुग्ण बरे होतात. लेसरला भूल लागते, बहुधा एका बैठकीत काम होतं, पुन्हा गाठ आली तर लाईटचा पर्याय हातात राहतो. लाईटमध्ये चिरफाड नाही, पण पाच ते साडेसहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस रोज जायचं. पुढच्या जोडावरच्या गाठीला लेसर पोचवणं अवघड आणि नंतर तिथं जाळीसारखा पापुद्रा धरून आवाज बिघडतो. म्हणून, आणि वडील गाणारे आहेत म्हणून, माझा कल लाईटकडं. हा माझा कल आहे, शेवटचं मत स्कॅन बघून सर्जन आणि लाईटचे डॉक्टर दोघांनी एकत्र बसून द्यायचं. फक्त स्वरतंतूंपुरती लाईट देताना चौकोन लहान असतो, त्यामुळं तोंड कायमचं कोरडं पडत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना आग होईल, मानेची कातडी काळवंडेल, आवाज आहे त्याहून बसेल. घाबरायचं नाही. उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत आवाज परत येतो. अगदी पूर्वीचा नाही, जरा जाडसर.

एक गोष्ट मात्र दगडावर कोरून ठेवा. लाईट सुरू झाली की खाडा नाही. मधे दिवस गेले तर गाठीतल्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढीला लागतात आणि बरं होण्याची शक्यता घटते. घरचं लग्न, पेरणी, अमावस्या, काही असो. आणि विडी पहिल्या दिवसापासून बंद. ओढत राहणाऱ्याला लाईट कमी लागू पडते, हे भीती घालायला सांगत नाही. चाळीस वर्षांची सवय नुसत्या दमानं सुटत नाही, निकोटीनच्या गोळ्या लिहून मागा.

तिसऱ्या टप्प्यात लाईटबरोबर सिस्प्लॅटिनची केमोथेरपी देऊन स्वरयंत्र वाचवायचा प्रयत्न होतो. १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासानं हा रस्ता उघडला, त्याआधी सरसकट काढूनच टाकत. चौथ्या टप्प्यात, कूर्चा फुटलेली असेल तर, आजही पूर्ण स्वरयंत्र काढणं हाच बहुधा चांगला उपाय. तुम्हाला त्याची गरज नसावी. तरी सांगतो, कारण ‘काढावं लागेल’ या दोन शब्दांच्या धाकानं उपचारच न घेणारी माणसं मी पाहिलीत.

स्वरयंत्र काढलं की श्वासनलिका मानेच्या पुढच्या बाजूला आणून शिवतात. श्वास तिथल्या छिद्रातून, जेवण तोंडातून, दोघांचा संबंध संपला. माझ्या रुग्णांत एक मावशी आहेत, खानापूरकडच्या, ऑपरेशनला सहा वर्षं झाली. पहिल्या महिन्यात त्या तक्रार घेऊन आल्या ती आवाजाची नव्हतीच. पाटीवर लिहिलं, ‘फुंकणी चालत नाही’. खरंच की, तोंडातून हवाच येत नाही तर चूल कशी फुंकणार, चहा कसा फुंकून पिणार. नाकातून हवा जात नाही म्हणून वास कळत नाही, दूध करपलेलं कळत नाही, गॅस गळला तरी कळत नाही. नदीत, तळ्यात उतरायचं नाही. छिद्रावर ओलसर सुती कापड बांधायचं, नाहीतर एप्रिल-मेच्या वाऱ्यात कफाच्या खपल्या धरतात. आणि घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायचं की कधी ऑक्सिजन लावायची वेळ आली तर मास्क तोंडावर नाही, मानेवर. मावशींना नंतर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधे एक झडपेची नळी बसवली. अंगठ्यानं छिद्र झाकायचं, हवा त्या नळीतून अन्ननलिकेत जाते, तिथला पडदा थरथरतो, आवाज निघतो. घोगरा, पुरुषी. नातवंडांना तो एवढा ओळखीचा झालाय की आजीची नक्कल करताना तीही गळ्याला अंगठा लावतात. या नळ्या परदेशी, महाग आणि काही महिन्यांनी बदलाव्या लागणाऱ्या. बेंगळूरचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी पन्नास रुपयांच्या आसपास खर्चाची ‘ॐ’ नावाची नळी तयार केली ती याच अडचणीतून.

कुठं जावं. तुम्ही मुंबईचं टाटा विचारलंय. मत घ्यायला जरूर जा, कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत तिकीट सवलत आहे. पण सहा आठवडे रोज लाईट घ्यायची तर घराजवळची सोय बरी. तुमच्याकडून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या घरात. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी, सगळीकडं लाईटची सोय आहे. पहिल्या टप्प्याच्या गाठीला मुंबईचं आणि इथलं मशीन यात फार फरक पडत नाही. गोरेगावच्या नातेवाइकाकडं कंटाळून तिसऱ्या आठवड्यात परत येण्यात मात्र पडतो. पैशांचं म्हणाल तर बीपीएल कार्ड असेल तर ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार आहे. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या तीस टक्के. आधी सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र लागतं, ते न घेता थेट गेलात तर काउंटरवरून परत पाठवतील. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, त्यावर दोन्ही राज्यांत वाद झाला. कोल्हापूर-मिरजेला जायचं ठरलं तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गावाचं नाव सांगून आधी विचारून घ्या, त्या भरवशावर निघू नका. कागद कुठल्याही भाषेत असोत, बायॉप्सीची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तो तुमचा आहे, दुसरीकडं गेलात तर तुकडा पुन्हा काढावा लागत नाही. लाईटच्या आधी दातांच्या डॉक्टरांना एकदा तोंड दाखवा. उपचार झाल्यावर पहिलं वर्ष दर महिना-दीड महिन्यानं आरसा, मग अंतर वाढवत पाच वर्षं. वर्षातून एकदा छातीचाही फोटो. ज्या विडीनं स्वरतंतू गाठला ती फुप्फुसालाही ओळखते.

घरात ताट-तांब्या वेगळा काढू नका, हा संसर्गाचा रोग नाही.

राहिलं बाबांना सांगायचं. सांगा. लाईटच्या विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलेलं असतं ते तुम्ही बघितलं नसेल, बाबा रोज तीस दिवस बघणार आहेत. शेजारच्या बाकड्यावरचा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, ‘तुमचा कुठला?’ हे तुमच्या तोंडून कळलेलं बरं. सांगताना ‘कॅन्सर’ शब्द वापरा आणि त्याच दमात ‘लहान आहे, बरा होणारा आहे’ हेही म्हणा, कारण तेही खरं आहे. गाणारा माणूस आहे, तो बहुधा एकच विचारेल, कार्तिकी एकादशीला भजनाला बसता येईल का. उपचार जूनअखेरीस सुरू झाला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपेल, पुढं तीन महिने घसा शांत ठेवायचा. बसता येईल म्हणावं. टाळ घेऊन.